दुसरा रंग

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाच्या ड्राफ्टला पहिल्यांदा बसणाऱ्याला मी एवढंच सांगते, की पहिला रंग तुझा तू घे, पण दुसऱ्याची घाई करू नकोस. तो तुला उजव्या हाताला बसलेला माणूस देईल. नवखा माणूस हे ऐकून माझ्याकडे जरा संशयाने बघतो. पण या खेळात मला सगळ्यात जास्त जे आवडतं ते या एका वाक्यात आहे, म्हणून आज त्याबद्दलच लिहायला बसले आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. १९९३ साली रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणितज्ञाने तो जगापुढे आणला. त्यात रंग पाच : पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा. कुठलंही पान खेळायचं तर त्या रंगाची ताकद लागते, तिला माना म्हणतात. माना मिळते लँडच्या पानांमधून. मैदानातून पांढरी, बेटातून निळी, दलदलीतून काळी, डोंगरातून लाल आणि जंगलातून हिरवी. दोन खेळाडू, दोघांचं २० आयुष्य, आणि समोरच्याचं शून्यावर आणायचं.

ड्राफ्ट म्हणजे डेक, आपला खेळायचा पत्त्यांचा गठ्ठा, घरून बांधून न आणता तिथेच, टेबलावर बांधायचा. आठ जण गोलात बसतात. आमच्याकडे प्रत्येकापुढे १५ पानांचे तीन पॅक. पहिला फोडायचा, एक पान ठेवायचं, उरलेली १४ डावीकडे सरकवायची. तोवर उजवीकडून दुसरी १४ आलेली असतात. पॅक संपेपर्यंत हे असंच. दुसरा पॅक उलटा, उजवीकडे. तिसरा पुन्हा डावीकडे. शेवटी हातात ४५ पानं. त्यातली २३ च्या आसपास निवडून, १७ लँड घालून ४० चा डेक करायचा आणि खेळायला बसायचं.

मी मेंढीकोटावर वाढलेली आहे. त्यात पत्ते पिसले, वाटले, की जे हातात आलं ते आलं. पुढची सगळी हुशारी त्या वाटपाच्या आतली. ड्राफ्टमध्ये वाटप करणारं कोणी नाही. तुमच्या हातात येणारं प्रत्येक पान कोणीतरी बघून, तोलून, नको म्हणून पुढे केलेलं असतं. हा फरक मला पहिल्याच दिवशी जाणवला आणि त्यानेच मला धरून ठेवलं.

आता डेकमध्ये दोनच रंग का, हा प्रश्न. अकरावीतली माझी भाची आमच्यात नव्याने यायला लागली तेव्हा तिने तो लगेच विचारला. ‘‘ए मावशी, चांगली पानं पाचही रंगांत येतायत. मग सगळीच घे ना!’’ तिला त्याच वर्षी क्रमपरिवर्तन आणि संयोजन होतं, म्हणून उत्तर न देता मी कॅल्क्युलेटर पुढे केला. ४० पानांत एका रंगाची ८ लँड असतील, तर पहिल्या ७ पानांत त्यातलं एकही न येण्याची शक्यता किती? उत्तर आलं साधारण १८ टक्के. ९ असतील तर १४ टक्के. म्हणजे १७ लँड ९-८ अशी वाटली, की दोन्ही रंगांची सोय बऱ्यापैकी लागते. १० पानं बघून होईपर्यंत तो १८ चा आकडा ८ च्या खाली उतरतो. तीन रंग घेऊन ६-६-५ केलं, की सहावाल्याचा धोका २९ टक्के आणि पाचवाल्याचा ३६. हातात उत्तम पानं आहेत आणि एकही खेळता येत नाही, असे डाव मग वारंवार येतात. दुसऱ्या टोकाला एकाच रंगाचा डेक : १७ ही लँड एकाच जातीची, न येण्याचा धोका जेमतेम १.३ टक्के. पण आठ जणांच्या टेबलावर एकाच रंगाची २३ चांगली पानं तुम्हाला कोण मिळू देणार? एक रंग पुरत नाही आणि तीन पेलवत नाहीत, असा हा हिशेब दोनावर येऊन थांबतो. भाचीने वहीत सगळं मांडून पाहिलं, मग म्हणाली, ‘‘म्हणजे जोड्या दहाच.’’ दहाच. पाचातून दोन.

या दहा जोड्यांना खेळात नावंही आहेत. २००५ साली ‘रॅव्हनिका’ नावाचा पानांचा संच आला. जगभर पसरलेलं एकच शहर आणि त्यात दहा संघ, प्रत्येक संघ दोन रंगांचा. कायद्याची भाषा बोलणारा अझोरियस पांढरा-निळा. गुपितं विकणारा दिमिर निळा-काळा. रकडोस काळा-लाल, ग्रूल लाल-हिरवा, सेलेझ्निया हिरवा-पांढरा, ऑर्झोव्ह पांढरा-काळा, इझेट निळा-लाल, गोल्गारी काळा-हिरवा, बोरोस लाल-पांढरा आणि सिमिक हिरवा-निळा. तेव्हापासून खेळणारे जगात कुठेही ‘लाल-पांढरा’ न म्हणता ‘बोरोस’ म्हणतात. आमच्या कोथरूडच्या टेबलावरही ‘तू काय होतीस?’ ‘गोल्गारी’ असंच चालतं. मजा अशी की मूळ रॅव्हनिका तीन संचांत विभागलेली होती : पहिल्यात चार संघ, पुढच्या दोन्हींत तीन-तीन. तिन्ही एकत्र ड्राफ्ट करायचे तर पहिल्या पॅकमधली जोडी दुसऱ्या पॅकमध्ये भेटायचीच नाही, त्यामुळे त्या काळी तीन रंगांत जाणं भाग पडायचं. ज्या संचाने दोन रंगांना नावं दिली, त्याच संचात दोन रंगांत राहणं अवघड होतं.

मॅजिकच्या पत्त्याच्या पाठीवर पाच रंगीत ठिपके वर्तुळात असतात. शेजारचे दोन ठिपके मित्र, समोरचे दोन शत्रू. पांढऱ्याला शिस्त आणि समाज प्रिय, काळ्याला स्वतःची सत्ता, ते समोरासमोर. निळा विचार करून वागतो, लाल मनात येईल ते करतो; तेही समोरासमोर. माझं मत असं, की शत्रू रंगांच्या जोड्या मित्रांच्या जोड्यांपेक्षा जास्त रंगतात. पांढरा-निळा डेक काय करणार हे झोपेतही सांगता येतं : उडणारे प्राणी पुढे, जमिनीवरचे भक्कम मागे. पण निळा-लाल? एकाला थांबायचंय, एकाला धावायचंय, आणि दोघांना जोडणारी गोष्ट एकच की दोघांनाही मंत्र आवडतात. त्या एका धाग्यावर अख्खा डेक उभा करायचा असतो. तो उभा राहिला की फार सुख होतं.

आता मुद्द्याकडे. दुसरा रंग शेजारी देतो म्हणजे काय?

पावसाळ्यातल्या एका रविवारचा ड्राफ्ट सांगते. माझ्या उजव्या हाताला एक वकील मैत्रीण होती, डावीकडे आमचे काका. काका निवृत्त इंजिनियर, आयुष्यभर ब्रिज खेळलेले. पहिल्या पॅकमधून मी ‘यंग पायरोमॅन्सर’ उचललं. दोन मानाचं लाल पान, तुम्ही मंत्र टाकला की ते एक छोटा अग्नीजीव जन्माला घालतं. हे पान बघितलं की कोणाच्याही डोक्यात पहिलं नाव येतं इझेट. लाल-निळा, मंत्रांचा डेक. मीही मनात निळ्याची जागा तयार ठेवली. दुसरं पान मिळालं ‘लाइटनिंग बोल्ट’, एका मानात तीन घाव, खेळाच्या जन्मापासूनचं. तिसरं ‘फेथलेस लूटिंग’, दोन पानं घ्या, दोन टाका. तिन्ही लाल. आणि निळं? चौथ्या वेळी हातात आलेल्या पॅकमध्ये दोन निळी पानं होती, दोन्ही कुणालाच नको असतील अशी. पाचव्यात तसंच एक. सहाव्यात एकही नाही.

इथे थांबून विचार करायचा असतो. एका पॅकमध्ये चांगलं निळं नसणं हा योगायोग. तीन पॅकमध्ये सलग नसणं म्हणजे उजवीकडे कोणीतरी, बहुधा वकीलबाई, निळं उचलते आहे. ती काही बोललेली नाही. बोलायची परवानगीच नाही. पानं निवडताना आमच्याकडे कडक शांतता असते. पण तिने ठेवलेली पानं मला दिसत नसली, तरी सोडलेली दिसतात, आणि त्यातून ठेवलेली कळतात. त्याच सहाव्या पॅकमध्ये ‘ब्लड आर्टिस्ट’ होतं. काळं. कोणताही प्राणी मेला की समोरच्याचं एक आयुष्य कमी, तुमचं एक जास्त. इतकं चांगलं काळं पान पाच जणांच्या नजरेखालून माझ्यापर्यंत आलं, याचा अर्थ उजवीकडच्या त्या पाचांना काळ्याची आत्ता फारशी गरज नाही. हा दिलेला रंग. मी घेतला.

आणि आता त्या पहिल्या पानाचं काय झालं ते बघा. यंग पायरोमॅन्सर तेच, त्यावर छापलेलं अक्षरही बदललेलं नाही. इझेटमध्ये ते छोट्या अग्नीजीवांची फौज करून हल्ला चढवणार होतं. रकडोसमध्ये तेच अग्नीजीव बळी द्यायला तयार झाले. प्रत्येक बळी म्हणजे ब्लड आर्टिस्टचा एक घाव. फेथलेस लूटिंग तिकडे नुसता मंत्र होता; इकडे त्याने टाकलेली पानं स्मशानात जातात आणि काळा रंग स्मशानातून माणसं उठवतो. तीन पानांना मी धक्काही लावला नव्हता आणि तिन्हींचं काम बदललं होतं. माझा ड्राफ्टचा सगळा जिव्हाळा या क्षणात आहे. आपण निर्णय बदलला असं वाटतच नाही. आपलंच पान आपल्याला दुसऱ्यांदा कळतं.

नवव्या वेळी माझा पहिला पॅक फिरून परत आला. आठ जणांचं टेबल, त्यामुळे १५ मधली ८ पानं गेलेली, ७ उरलेली. या फेरीला ‘व्हील’ म्हणतात. आणि त्यात ‘व्हिसेरा सीअर’ तसंच पडून होतं : एका मानाचं काळं पान, हवे तितके प्राणी बळी द्यायची सोय करून देणारं. बळीच्या डेकचा कणा. अख्ख्या टेबलाने ते एकदा पाहिलं आणि कोणीच घेतलं नाही. बळीचा डेक दुसरं कोणीच करत नाहीये, असं सात माणसांनी न बोलता मला सांगितलं.

दुसऱ्या पॅकला दिशा उलटी होते तेव्हा डावीकडच्या काकांकडून पानं यायला लागतात. पहिल्या पॅकमध्ये काकांना मी खाऊ घातलेलं असतं. मी पांढरं भरभरून सोडलं होतं, हिरवंही. लाल-काळं मात्र जमेल तितकं अडवलं होतं. म्हणून दुसऱ्या पॅकमध्ये काका लाल-काळं माझ्याकडे सोडणार, ही माझी अटकळ, आणि तसंच झालं. नंतर चहा पिताना काका म्हणाले, ‘‘तू मला पांढरं पाठवलंस, मी पांढरा झालो. ब्रिजमध्ये जोडीदाराशी बोलीतून बोलतो, इथे शत्रूशी पानांतून.’’ खरं तर त्या क्षणी शेजारी शत्रूही नसतो. तुमचं आणि त्याचं हित एकच असतं : दोघांनी वेगवेगळ्या रंगांत जाणं. दोघे एकाच जोडीत घुसले तर दोघांचेही डेक अर्धवट राहतात आणि मजा करतात टेबलापलीकडचे.

म्हणूनच सोनेरी पानांबद्दल मी जपून असते. दोन्ही रंगांची माना लागणाऱ्या पानांना सोनेरी म्हणतात. रॅव्हनिकातलंच ‘लाइटनिंग हेलिक्स’ घ्या : एक लाल, एक पांढरी, तीन घाव आणि तीन आयुष्य परत. देखणं पान. पण पहिल्याच वेळी उचललं तर दहा जोड्यांपैकी ते एकाच जोडीत खेळता येतं. साधं लाल बोल्ट चार जोड्यांत. आणि संकरित माना, म्हणजे ‘लाल किंवा पांढरी, कोणतीही चालेल’ अशी किंमत असलेली पानं, तीही रॅव्हनिकातच पहिल्यांदा आली, ती सात जोड्यांत. एक, चार, सात. हे तीन आकडे लक्षात असले की पहिल्या चार-पाच पानांचे निम्मे वाद मिटतात. सोनेरी पान आधी घेऊन मग त्याच्यासाठी रंग शोधत बसण्यापेक्षा रंग ठरल्यावर सोनेरी पान आठव्या-नवव्या वेळी येऊ द्यावं. येतं. कारण त्या जोडीत नसलेल्या इतरांना ते नकोच असतं.

आमच्या गटात दर वेळी नवे पॅक फोडणं परवडणारं नाही, म्हणून आम्ही क्यूब खेळतो. क्यूब म्हणजे स्वतः निवडलेल्या पानांचा कायमचा साठा. ड्राफ्ट झाला की पानं परत डब्यात. आठ जणांना ४५ प्रमाणे ३६० पानं लागतात. आमच्या क्यूबची जबाबदारी माझ्याकडे आहे आणि मी ती मनापासून सांभाळते. (चमकदार फॉइल पानं त्यात एकही नाही. पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ती वाकतात, गठ्ठ्यातून उठून दिसतात आणि मग पिसण्याला अर्थ राहत नाही. साध्या पानांनाही प्लास्टिकची स्लीव्ह आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या.) प्रत्येक रंगाची ६० पानं, म्हणजे ३००. प्रत्येक जोडीची तीन सोनेरी, म्हणजे ३०. उरलेली ३० रंगहीन पानं आणि खास लँड.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं जोड्यांचा स्वभाव त्या ३० सोनेरी पानांत असेल. नसतो. तो त्या ३०० मध्ये असतो. लाल रंगाला चार जोडीदार आहेत. ६० लाल पानं चार जोड्यांत १५-१५ अशी वाटून टाकली तर क्यूब मरतो, कारण मग प्रत्येक पानाला एकच घर. पहिलं पान उचललं की ४५ पर्यंतचा रस्ता आखलेला. मला हवं असतं ते दोन-तीन घरी पाहुणचार मिळणारं पान. ‘मलड्रिफ्टर’सारखं : निळं, आल्या आल्या दोन पानं देणारं. पांढऱ्याबरोबर ते क्षणभर गायब करून परत आणायचं आणि पुन्हा दोन पानं घ्यायची. काळ्याबरोबर स्वस्तात स्मशानात पाठवून तिथून उठवायचं. किंवा ‘लिंगरिंग सोल्स’ : वर पाहिलं तर पांढरं पान, दोन उडणारे आत्मे. पण तेच स्मशानातून पुन्हा खेळायची किंमत काळी. पांढऱ्याचे चारही डेक त्याला घेतील आणि ऑर्झोव्हच्या हाती ते दुप्पट होईल. उजवीकडून असं पान उशिरा आलं तर त्याचा अर्थ लावायला किती वाव असतो! पांढरा मोकळा आहे, की फक्त पांढरा-काळा?

अलीकडचे संच या बाबतीत वेगळ्या वाटेने जातात. २०२४ चा ‘ब्लूमबरो’ दहा जोड्यांना दहा प्राणी देतो : पांढऱ्या-निळ्याला पक्षी, काळ्या-हिरव्याला खारी, लाल-पांढऱ्याला उंदीर, हिरव्या-निळ्याला बेडूक, वगैरे. चित्रं इतकी गोड की माझ्या भाचीने त्यावरूनच खेळायला सुरुवात केली, आणि नवख्याला वाट दाखवायला याहून चांगली पद्धत नाही हे मी मान्य करते. पण खार हातात आली की पुढची खार शोधायची, एवढंच काम उरण्याचा धोका त्यात आहे. शेजाऱ्याकडे बघायची गरज कमी होते. कुठल्या जोडीचं कुठलं पान किती जिंकतं याची आकडेवारीही आता मिळते. ‘सेव्हन्टीन लँड्स’ हे संकेतस्थळ ऑनलाइन खेळलेल्या असंख्य ड्राफ्टमधून ती काढतं आणि मी ती आवडीने वाचते. क्यूबला तिचा उपयोग नाही, पण त्याहून महत्त्वाचं असं की ती सरासरी टेबलाबद्दल सांगते. माझ्या उजवीकडे सरासरी माणूस बसलेला नसतो. तिथे निळ्यावर जीव असलेली वकीलबाई असते, किंवा हिंजवडीहून धापा टाकत आलेला आणि पहिले दोन पॅक घाईघाईत सोडणारा एकजण.

सध्या मला त्रास देतोय तो सिमिक. हिरवा-निळा. आमच्या टेबलावर त्या जोडीत कोणी आनंदाने जात नाही. गेलंच तर नाइलाज म्हणून. मी नीट तपासलं तेव्हा कारण दिसलं : हिरवी पानं माना वाढवतात, निळी पानं हातातली पानं वाढवतात, आणि दोन्ही वाढवून झाल्यावर करायचं काय, याचं उत्तर देणारं पान ३६० मध्ये पुरेसं नाही. तीन सोनेरी पानं बदलून ते सुटणार नाही. हिरव्यातली चार-पाच मोठी जनावरं काढून त्या जागी अशी आणायला हवीत, जी लाल-हिरव्यात नुसती अंगावर जातील आणि निळ्याबरोबर जास्त पानं घेतल्याचं बक्षीस देतील. काढायच्या पानांची यादी मी केली आहे. भाचीने त्यातली दोन परत आत टाकली, कारण तिच्या मते गोल्गारीला ती लागतात. ती बरोबर असावी. पुढच्या रविवारी ती माझ्या उजव्या हाताला बसणार आहे, तेव्हा ती ती पानं ठेवते की सोडते ते मला समजेलच.